स्किल मॅट्रिक्स भिंतीवर, माणूस भलत्याच मशीनवर

शॉपफ्लोअरवाली

ऑडिट जवळ आलं की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. फ्लोअरवरच्या पिवळ्या पट्ट्या नव्याने रंगवल्या जातात आणि स्किल मॅट्रिक्स ‘अपडेट’ होतं.

कारखान्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. स्किल मॅट्रिक्स म्हणजे भिंतीवरचा मोठा तक्ता. डावीकडे ऑपरेटर मंडळींची नावं, वरच्या ओळीत मशीन, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. एक भाग भरलेला असेल तर माणूस शिकतोय. दोन असतील तर कुणी शेजारी उभं राहिलं की जमतं. तीन म्हणजे एकटा चालवतो. पूर्ण भरलेलं असेल तर दुसऱ्याला शिकवू शकतो. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ चं सर्टिफिकेट टिकवायचं तर माणसाला काम येतं याची नोंद दाखवावी लागते. म्हणून हा तक्ता चाकणपासून वाळूजपर्यंत सगळीकडे दिसेल.

मी चाकण पट्ट्यातल्या एका मध्यम कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. (कुठल्या ते विचारू नका.) तक्त्यावर माझा राग नाही. पण पहिली पाळी सुरू होताना कोण आलंय, कोण गावी गेलंय हे कळल्यावर सुपरवायझर माणसं लावतो, तेव्हा तो त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढंच बघतो, की कोण ‘नाही’ म्हणणार नाही.

आमच्याकडे डीबरिंगला एक मुलगा आहे. मशीनमधून आलेल्या पार्टच्या कडांवर बर (धातूची बारीक कुसळं) राहते, ती फाइल मारून हाताने काढायची, हे त्याचं दिवसभराचं काम. हा मुलगा आयटीआयचा टूल अँड डाय मेकर आहे. ड्रिल बोथट झालं की ग्राइंडरच्या दगडावर हाताने अशी धार लावतो की दोन्ही बाजू सारख्या. नंतर भोक मोठं पडत नाही, ड्रिल एका बाजूला ओढत नाही. एका दिवाळीत माणसं कमी होती म्हणून त्याला डीबरिंगला बसवला, तो तिथेच राहिला. आणि आमची ड्रिलं धार लावायला चलन करून बाहेर जातात!

दुसरी एक बाई, डिस्पॅचला, ठेकेदाराकडची. पूर्वी शिवणकाम करायची. पार्टला गंज धरू नये म्हणून आम्ही व्हीसीआय फिल्म वापरतो. मोठ्या पार्टसाठी ती रोलमधून कापावी लागते. ब्लाउजचं कापड बेतलेल्या माणसाला जे चटकन दिसतं ते तिला दिसलं. साचा एक सुलटा, एक उलटा असा लावून ती कापायला लागली आणि चिंध्या निघणं जवळपास थांबलं. हे लक्षात कुणाच्या आलं, तर स्टोअरवाल्याच्या, कारण रोल संपेना. त्याला आधी वाटलं, पॅकिंगच होत नाहीये.

वरवर उपाय सोपा दिसतो. विचारा, लिहून घ्या, त्याप्रमाणे माणूस लावा. पण माणसं सांगतच नाहीत. आमच्या एका ऑपरेटरला फॅनुकचा (म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम चांगला वाचता येतो, मी पाहिलंय. फॉर्मवर त्याने लिहिलं, ‘येत नाही’. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आधीच्या कंपनीत ‘येतं’ म्हणालो होतो. रात्री दोनला फोन यायचे. पगार तोच. वर अप्रेझलला ऐकवलं, तुझ्या मशीनचं प्रॉडक्शन कमी आहे. दुसऱ्याच्या मशीनवर उभा असल्यावर माझं कुठून होणार?”

तेव्हा ‘कर्मचाऱ्यांमधले सुप्त गुण ओळखा’ छापाची भाषणं मला आता ऐकवत नाहीत. गुण सुप्त वगैरे नसतात, दडवलेले असतात, आणि दडवणारा शहाणा असतो. तुमच्याकडे काय अनुभव आहे? येतं ते माणसाने आपणहून सांगावं अशी सोय कुठे पाहिली आहे का?

निवांत_पुणेकर

सोय पाहिली आहे. ‘एम्प्लॉयी टॅलेंट डे’. त्यात अकाउंट्सच्या माणसाने बासरी वाजवली, सगळ्यांनी समोसे खाल्ले.

बँकेतला_बळी

ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मी बी.एस्सी. ॲग्री. सरकारी बँकेत शेती अधिकारी म्हणून लागलो. त्याची परीक्षा वेगळी असते, स्पेशालिस्ट ऑफिसरची. माती, पिकं, पशुपालन, सिंचन सगळं विचारतात. पास होऊन शाखेत आलो आणि पहिल्या आठवड्यात कळलं की खरं काम म्हणजे खाती उघडणं, आधार जोडणं, विमा खपवणं आणि एटीएममध्ये कॅश भरायला जाणं. शेतीकर्जाच्या फायली संध्याकाळी, शटर अर्धं खाली ओढल्यावर.

माझ्या शिक्षणाचा खरा उपयोग एकदाच झाला म्हणा ना. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत डाळिंबाच्या बागेसाठी मुदत कर्जाचं प्रकरण होतं. सातबारा स्वच्छ, ठिबकचं कोटेशन व्यवस्थित, जामीनदार तयार. मॅनेजरसाहेब सहीला बसलेले. मी म्हटलं, एकदा शेजारची जुनी बाग बघून येतो. पानांवर तेलकट डाग, फळं डागाळून तडकलेली. तेल्या. तोच माणूस त्याच बागेतल्या गुट्या (फांद्यांना मुळं फोडून केलेली रोपं) नव्या लागवडीला वापरणार होता! रोग रोपाबरोबर जातो हे त्यालाही ऐकून माहीत होतं, पण रोपांचे पैसे वाचत होते. आम्ही कर्ज नाकारलं नाही. खात्रीच्या नर्सरीतली रोपं घ्यायची अट घातली आणि पहिला हप्ता त्यावर सोडला.

हे पाहायला मला अर्धा दिवस लागला. त्या अर्ध्या दिवसात विम्याच्या किती पॉलिसी झाल्या असत्या, हे मला नंतर रीजनल ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत विचारलं गेलं. पुढच्या वेळी बाग बघायला जाताना माणूस दोनदा विचार करतो, एवढंच सांगतो.

वॉर्डातली_सिस्टर

आमच्याकडे उलटं दुखणं. सरकारी रुग्णालय. मी डायलिसिसचं ट्रेनिंग घेतलं. फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीला) सुई घालणं हातावर बसायला वेळ लागतो. एकदा बसलं की पेशंट नाव घेऊन मागतात, “त्याच सिस्टर हव्यात,” कारण चुकलेली सुई त्यांच्या हाताला भोगावी लागते. मग रोटेशन आलं आणि मी अपघात विभागात. माझ्या जागी आलेल्या मुलीला सगळं पहिल्यापासून शिकायला लागलं, तेही पेशंटच्या हातावर.

पण दुसरी बाजूही खरी आहे. रोटेशन बंद करा म्हणणाऱ्यांना मी विचारते, जिला येतं तिला मग रजा कोण देणार? माझ्या आधीच्या सिस्टर सलग तिथेच होत्या. सणाला नाही, लग्नाला नाही. “तुमच्याशिवाय युनिट चालत नाही हो.” कौतुक म्हणून बोलायचे, ऐकताना शिक्षा वाटायची.

शॉपफ्लोअरवाली

@सिस्टर, अगदी हेच. मॅट्रिक्समध्ये एका मशीनखाली एकच पूर्ण वर्तुळ असेल तर तो त्या माणसाचा मान नसतो, आमच्या प्लॅनिंगचा धोका असतो. त्या चौकटीला मी लाल पेनने गोल करते. एचआर तिथे चांदणी काढतं.

नागोया_मुक्काम

मी आयची प्रांतात आहे, टोयोटाला पार्ट देणाऱ्या एका कंपनीत. (टोयोटात नाही. आमच्यासारख्यांनाही लोक ‘टोयोटावाले’ म्हणतात म्हणून आधीच सांगून टाकतो.)

तुमचा तक्ता इकडेही आहे, वर्तुळंही तीच. फरक मला दोन जागी दिसला. एक तर तो तक्ता लाइनच्या पुढाऱ्याच्या (टीम लीडरच्या) रोजच्या वापरात असतो. सकाळी कुणी आलं नाही तर तो आधी तिथे जातो आणि पेन्सिलने खुणा करतो. आमच्याकडचा तर बोटांचे डाग पडून कळकट झालाय. ऑडिटरला कळकट तक्ता दाखवायची इकडे कुणाला लाज वाटत नाही.

दुसरं म्हणजे सूचना देण्याची पद्धत. टोयोटात ती १९५१ पासून आहे. आणि कल्पना मुळात अमेरिकेतली, एजी टोयोडा १९५० मध्ये फोर्डचा कारखाना बघायला गेले होते तिथून उचललेली. सूचनेला बक्षीस असतं, पण किरकोळ. माणसं लिहितात त्याचं कारण वेगळंच आहे. उत्तर लवकर येतं आणि ते आपल्याच पुढाऱ्याकडून येतं. ‘नाही’ असलं तरी का नाही ते सांगतात. आपल्याकडच्या सूचनापेटीची किल्ली कुणाकडे आहे हेच बऱ्याच ठिकाणी माहीत नसतं.

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट माल यासाठी बदनाम. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएम यांनी मिळून तोच पुन्हा सुरू केला, न्युमी नावाने. युनियन तीच आणि बहुतेक कामगारही जुनेच. ज्यांना ‘कामाचे नाहीत’ म्हणून घरी पाठवलं होतं तीच माणसं. त्यांच्यातल्या शेकडो जणांना जपानला नेऊन लाइनवर उभं केलं, आणि परत आल्यावर चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार दिला. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या व्हायला लागल्या. माणसं बदलली नव्हती.

निवृत्त_फिटर

नागोयाकर, गोष्ट छान आहे, पण अर्धीच सांगितलीत. तोच जीएम आपल्या बाकीच्या कारखान्यांत ते किती वर्षं रुजवू शकला नाही, तेही सांगा. आणि न्युमी २०१० ला बंद पडला, हेही.

मी सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, चार्जमन होऊन निवृत्त झालो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे क्वालिटी सर्कलची लाट आली. आपल्या देशात ते भेलच्या हैदराबादच्या कारखान्यातून सुरू झालं आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था निघाली. सुरुवातीची काही वर्षं खरोखर चांगली गेली. आठवड्यातून एक तास, सात-आठ जण, आपल्याच बाकाचा प्रॉब्लेम. कधी काही न बोलणारा एक खलाशी होता. (आमच्याकडे हेल्परला खलाशी म्हणत.) त्याने क्रेनच्या हुकाला लावायच्या पट्ट्याची अशी जोडणी सुचवली की शाफ्ट उचलताना फिरायचा थांबला. वर्षानुवर्षं तो शाफ्ट फिरताना आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

मग स्पर्धा आल्या. आधी राज्याची, मग देशाची. सर्कलमध्ये ज्याचं अक्षर चांगलं तो महत्त्वाचा झाला, कारण तक्ते काढायचे होते. पुढे ज्याचं इंग्रजी चांगलं तो. खलाशी चहा आणायला लागला. बक्षिसाची ढाल मॅनेजरच्या केबिनमध्ये.

आता मुद्द्याचं बोलतो, ताईंना आवडणार नाही. तुम्ही ज्याला कौशल्याचा योग्य वापर म्हणता, त्याला वेतनकरारात मल्टिस्किलिंग म्हणतात. करारातलं ते कलम आम्ही कायम वाकून वाकून वाचायचो, कारण त्याचा अर्थ शेवटी एकच निघायचा. आज फिटरला वेल्डिंग येतं, उद्या वेल्डरची जागा भरत नाहीत. तुमचा तो डीबरिंगचा मुलगा ड्रिलला धार लावायला लागला तर डीबरिंग कोण करणार? तोच. दोन्ही.

शॉपफ्लोअरवाली

काका, आवडणार नाही असं काही नाही, मी त्याच बाजूची आहे. पण ‘येत असलं तरी करू नकोस’ हे कुणाला सांगायलाही मला जमत नाही. तो मुलगा धार लावताना आणि तोच मुलगा फाइल मारताना, माणूस वेगळा दिसतो हो. जेवणाच्या सुट्टीत आपण होऊन ग्राइंडरजवळ जाऊन उभा राहतो.

निवृत्त_फिटर

दिसणारच. आम्हीही असेच होतो. मॅनेजमेंटला नेमकं तेच माहीत असतं, म्हणून पैसे द्यावे लागत नाहीत.

हिंजवडी_फेज_तीन

आयटीत कौशल्य शोधायला तर पोर्टलच आहे. प्रत्येकाने आपापली कौशल्यं भरायची आणि स्वतःलाच पाचपैकी गुण द्यायचे. फ्रेशर स्वतःला जावात चार देतो. पंधरा वर्षं त्यात घालवलेला माणूस तीन देतो, कारण काय येत नाही हे आता त्याला कळायला लागलेलं असतं. प्रोजेक्टला माणूस शोधणारा गुणांवर फिल्टर लावतो. पुढचं तुम्हाला कळलंच.

आणि लपवालपवी आमच्याकडेही आहे बरं का. एक सिनियर मित्र मेनफ्रेममधला (मोठ्या जुन्या कॉम्प्युटरमधला) दर्दी आहे. बँकांची, विमा कंपन्यांची कितीतरी जुनी कामं आजही कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतात, आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. तरी त्याने प्रोफाइलवरून कोबॉल काढून टाकलं. ते दिसलं की पुन्हा त्याच सपोर्ट प्रोजेक्टमध्ये, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, आणि नवीन काही शिकायची दारं बंद. दुर्मीळ कौशल्य असलेल्याची बाजारात किंमत वाढते म्हणतात. त्याची बदली होत नाही, एवढं मात्र नक्की.

जुनी_पानं

मराठी माणसाने हा विषय काढावा आणि किर्लोस्करवाडी आठवू नये? लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती दुसऱ्याला दिली, आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान, मग नांगर. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे त्यांनी माणसं कशी निवडली बघा. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनियर झाले. शिक्षा झालेल्या दरोडेखोरांना त्यांनी रखवालदार नेमलं. आता याला मॅट्रिक्सचं कुठलं वर्तुळ लावणार?

निवांत_पुणेकर

रखवालदाराच्या जागेला दरोडेखोरापेक्षा अनुभवी उमेदवार मिळणं अवघडच.

नागोया_मुक्काम

@जुनी_पानं, मान्य. पण तिथे मालक रोज दुकानात फिरत होता, प्रत्येकाला नावाने ओळखत होता. धागाकर्तीच्या कारखान्यात जो पगार ठरवतो त्याने डीबरिंगचा बाक पाहिला तरी असेल का? मालकाची नजर जिथे पोचत नाही तिथे काय करायचं, हा आजचा प्रश्न आहे.

शिरोलीचा_भट्टीवाला

मालकाची नजर म्हणता, तर मालक बोलतो. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री (धातू ओतून पार्ट बनवायचा कारखाना) आहे. आम्हाला सगळे शिव्या घालतात, तेव्हा आमचंही ऐका जरा.

माझ्याकडं एक जुना मोल्डर आहे, वाळूचे साचे करणारा. वाळू मिक्सरमधनं आली की मूठभर घेतो, दाबतो, मूठ उघडतो. बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, हाताला चिकटायला नको. मग तो गोळा मधोमध मोडतो. कड धारदार आली तर बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. चिकटली तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे गरम धातू पडला की वाफ, वाफ म्हणजे कास्टिंगमध्ये ब्लो होल, आतली पोकळी. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र घेतलंय मी, ऑडिटला लागतंय. त्याचं रीडिंग यायच्या आत या माणसानं मिक्सरवाल्याला ‘थोडं कमी’ म्हणून हात केलेला असतो. रीडिंग येतं तेव्हा बघा, तो बरोबर असतो.

आता याचं कौशल्य मी तक्त्यावर लावलं, फोटो छापला, तर काय होतंय? पुढच्या गल्लीतला त्याला दोन हजार जास्त देऊन नेतोय. झालंय असं माझ्याकडं, पॅटर्नमेकर (साच्याचा नमुना करणारा) गेला. तेव्हापासनं छोटे मालकसुद्धा लपवतात बघा. कामगार आपलं कौशल्य मालकापासून लपवतो, मालक कामगाराचं कौशल्य बाजारापासून लपवतो.

मी काय केलं सांगतो. त्या मोल्डरला वाळू बघायचे नव्हे, शिकवायचे वेगळे पैसे लावले. दोन पोरं त्याच्या हाताखाली दिली. अट अशी, पोरानं मूठ दाबून सांगायचं, मग यंत्राचं रीडिंग काढायचं, आणि दोन्ही वहीत लिहायचं. पोराचा अंदाज रीडिंगला जुळायला लागला की म्हाताऱ्याला ठरलेली रक्कम. तो सुरुवातीला शिकवेना. “शिकवलं तर मला कशाला ठेवताय?” त्याचं चुकलं नव्हतं. पैसे हातात पडायला लागले तसा शिकवायला लागला.

वॉर्डातली_सिस्टर

शिकवायचे वेगळे पैसे! आमच्याकडे नवीन मुलींना शिकवते म्हणून मला मिळालेली एकमेव गोष्ट म्हणजे त्यांच्या चुकांचा मेमो.

गुरुजी_बीएलओ

प्रोफाइल नावावरून कळलंच असेल, बीएलओ म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, मतदार यादीचं काम बघणारा. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. त्या ‘सोडून’मध्ये आमचं अर्धं वर्ष जातं. बाकी ऑनलाइन माहित्या. गणिताचा चांगला शिक्षक दारोदार मतदार यादी घेऊन फिरतो, तो का, तर त्याला गाव ओळखतं आणि तो हिशोबात चुकत नाही. म्हणजे कौशल्याचा वापर होतोय की! फक्त वर्गात होत नाही.

हिंजवडी_फेज_तीन

गुरुजी +१

बँकेतला_बळी

@भट्टीवाला, तुमचं उत्तर पटलं, पण मोठ्या संस्थेत असं कोण करणार? माझ्या शाखेचा मॅनेजर तीन वर्षांत बदलतो. माझं कौशल्य वापरून झालेला फायदा, म्हणजे न बुडालेलं कर्ज, तो गेल्यावर दिसणार. विम्याचं टार्गेट याच महिन्यात दिसतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही मला एटीएमला पाठवलं असतं.

शॉपफ्लोअरवाली

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात आमच्याकडे थोडं घडलं, ते सांगते.

भट्टीवाल्या दादांचा प्रतिसाद प्रिंट काढून प्लांट हेडना दिला. (दादा, चालेल ना?) त्यावरून दोन बदल झाले. स्किल फॉर्मला ‘येतं’च्या शेजारी ‘करायला आवडेल का’ हा रकाना आला. हो-नाही लिहायचं, कारण विचारायचं नाही. इतकी साधी गोष्ट, पण फॅनुकवाल्याने या वेळी ‘येतं’ लिहिलं आणि पुढे ‘दिवस पाळीतच’ असं स्वतःहून जोडलं. दुसरा बदल असा, की स्वतःच्या मशीनवरून उठवून कुणाला दुसरीकडे नेलं तर तो वेळ लॉगशीटवर वेगळ्या कोडने टाकायचा, म्हणजे त्याच्या प्रॉडक्शनमधून कापला जाणार नाही. हे सुपरवायझरांना अजिबात रुचलेलं नाही. आता कुणाला किती वेळा उचललं ते दिसतं, आणि त्यावरून कुठलं मशीन किती वेळा अडतं तेही.

जे झालं नाही तेही सांगते. जास्तीच्या कौशल्याला जास्तीचा पगार ही गोष्ट ‘पुढच्या वेतनकरारात बघू’वर गेली. फिटर काका, हसू नका.

डीबरिंगच्या मुलाला आठवड्यातले दोन दिवस टूलरूम मिळाली. बाहेर धारेला जाणारी लहान ड्रिलं बंद झाली. मोठी अजून जातात, त्यांना वेगळं मशीन लागतं.

निवृत्त_फिटर

हसत नाही. लॉगशीटचा वेगळा कोड ही चांगली गोष्ट मिळवलीत, ती सोडू नका. पुढच्या करारात युनियनला तोच कागद टेबलावर ठेवता येईल.

एक विचारतो. ठेकेदाराची माणसं त्या फॉर्ममध्ये आहेत का? ती शिवणकाम करणारी बाई?

शॉपफ्लोअरवाली

नाहीत. मी विचारलं होतं. एचआरचं उत्तर असं, की ठेकेदाराच्या माणसाचं कौशल्य आपण आपल्या रजिस्टरवर लिहिलं, ट्रेनिंग दिल्याची सही घेतली, तर उद्या कामगार न्यायालयात तोच पुरावा होतो की हा माणूस खरं तर आपलाच कामगार आहे. म्हणून जितकं कमी लिहू तितकं बरं. फिल्म कापायची तिची पद्धत आता वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये फोटोसकट आहे. ‘तयार करणार’ या जागी आमच्या पॅकिंग इंजिनियरचं नाव आहे.

निवृत्त_फिटर

अस्सं.

शिरोलीचा_भट्टीवाला

ताई, प्रिंट काढलीत ते चालतंय की.

त्या बाईंसाठी एक मार्ग बघा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल म्हणून प्रकार आहे. शाळा-कॉलेज नाही, काम करून शिकलाय अशा माणसाची परीक्षा घेतात आणि प्रमाणपत्र देतात. ते तिच्या नावानं असतंय, तुमच्या रजिस्टरशी त्याचा संबंध नाही, म्हणजे तुमच्या एचआरला पोटदुखी नको. तुमच्या लाइनला ऑटोमोटिव्ह स्किल कौन्सिल आहे, तिथं विचारा पॅकिंगचं काय बसतंय का. शिवणकामाचं तर नक्की असंल, कपड्याच्या धंद्याचं कौन्सिल वेगळं आहे.

बँकेतला_बळी

आणि त्या प्रमाणपत्राचा बाजारात उपयोग होतो का? आमच्याकडे कर्जाच्या अर्जाला लोक जोडतात, पण पगारात फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

शिरोलीचा_भट्टीवाला

माझ्या दोन पोरांनी घेतलं. एक सोडून गेला, एक आहे. पगार दोघांचाही वाढला, त्यातल्या एकाचा माझ्या खिशातनं.